जोसी वेल्सची श्रेयनामावलीत संपलेली चार वर्षं

सूडपटांची एक गंमत असते. पहिल्या दहा मिनिटांत दिग्दर्शक तुमच्याकडून कोऱ्या कागदावर सही घेतो. घर जळतं, बायको जाते, लेकरू जातं, नायक कोसळून रडतो... झाली तुमची सही. पुढचे दोन तास तो वर काय वाट्टेल ते लिहितो आणि आपण हूं की चूं करत नाही. मी स्वतः अशा सह्या आनंदाने केलेल्या आहेत. बाबांना वेस्टर्नचं वेड, त्यामुळे आमच्या घरात जॉन वेन आणि ईस्टवूड हे जवळजवळ नात्यातलेच. तेव्हा ही पोस्ट वाचून कुणी 'हिला मारामारीचे सिनेमे कळत नाहीत' असं म्हणू नये, एवढीच आगाऊ विनंती.

तर आज बोलायचंय 'द आउटलॉ जोसी वेल्स'बद्दल. १९७६ चा सिनेमा. दिग्दर्शक आणि नायक, दोन्ही क्लिंट ईस्टवूड. खरं तर सुरुवात फिलिप कॉफमनने केली होती, पण चित्रीकरण सुरू असताना ईस्टवूडने त्याला काढलं आणि स्वतः सूत्रं घेतली. यावर दिग्दर्शकांच्या संघटनेने असा नियमच करून टाकला की चालू सिनेमातल्या दिग्दर्शकाला काढून त्याच सिनेमातल्या कुणाला त्याच्या जागी बसवायचं नाही. त्या नियमाला आजही ईस्टवूडच्या नावानेच ओळखतात. असो, हे विषयांतर झालं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते (शेवटही सांगणार आहे, ज्यांना नको असेल त्यांनी इथेच थांबा). मिसुरीतला एक साधा शेतकरी, जोसी वेल्स. अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात कॅन्ससकडचे 'रेडलेग्ज' त्याच्या शेतावर येतात, घर जाळतात, बायको-मुलाला मारतात. जोसी जळक्या घरातून पिस्तूल उकरून काढतो आणि 'ब्लडी बिल' अँडरसनच्या गनिमी टोळीत सामील होतो. युद्ध संपतं. टोळीतले बाकीचे शरण जातात, एकटा जोसी जात नाही. शरण गेलेल्यांना युनियनचे सैनिक गॅटलिंग गनने भाजून काढतात. मग त्याच्या डोक्यावर इनाम लागतं आणि पाठलाग सुरू होतो, मिसुरीपासून थेट टेक्साससपर्यंत. वाटेत या एकट्या माणसाला माणसं चिकटत जातात : एक म्हातारा चेरोकी, एक नव्हाहो बाई, कॅन्ससची एक खाष्ट आजी, तिची नात, एक मरतुकडं कुत्रं. सूड घ्यायला निघालेल्या माणसाचं नकळत कुटुंब होतं.

हे सगळं सुंदर आहे, यात वाद नाही. चीफ डॅन जॉर्जने रंगवलेला लोन वेटी हा वेस्टर्नमधला माझा सगळ्यात लाडका म्हातारा. जुन्या वेस्टर्नमध्ये इंडियन म्हणजे टेकडीवर रांगेने दिसणारे घोडे. इथे तो विनोद करतो, थकतो, स्वतःवर हसतो, वॉशिंग्टनला जाऊन आल्याची हकिगत सांगतो. नदी पार करून देणारा तो नावाडी आठवा : उत्तरेचं गिऱ्हाईक आलं की उत्तरेचं गाणं, दक्षिणेचं आलं की दक्षिणेचं! असे नावाडी प्रत्येक युद्धात असतात, प्रत्येक ऑफिसातही. आणि जोसीचं ते तंबाखू थुंकणं. आमच्या आईला तेवढ्यावरून हा सिनेमा कधीच आवडला नाही.

माझं भांडण सिनेमाशी थोडं आणि त्याच्यावर लिहिणाऱ्या-बोलणाऱ्यांशी जास्त आहे. कुठेही वाचा : 'सूडाकडून क्षमेकडे', 'युद्धाच्या जखमा भरणारा सिनेमा', 'व्हिएतनामनंतरच्या अमेरिकेला दिलेला समेटाचा संदेश'. आमचा दादाही हेच म्हणतो, आणि दादाला सिनेमातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं असं घरात सर्वमान्य आहे. मला हे पटत नाही. क्षमा करायला आधी गुन्हा काय झाला ते सांगावं लागतं. हा सिनेमा एका बाजूचे गुन्हे मोठ्या पडद्यावर तपशिलाने दाखवतो, दुसऱ्या बाजूचे गुन्हे गाळतो आणि मग म्हणतो, चला, झालं गेलं गंगेला मिळालं. याला समेट म्हणत नाहीत. आमच्या गावी भाऊबंदकीत ज्याने बांध सरकवलेला असतो ना, तोच सगळ्यात आधी 'जुनं काढू नका' म्हणतो.

नेमकं काय गाळलंय? जोसी अँडरसनच्या टोळीत जातो आणि लगेच श्रेयनामावली सुरू होते. निळसर, रंग उडालेल्या चित्रांवर ढोल-ताशांसारखं संगीत, घोडे धावतायत, आगी लागतायत, नावं येतायत. नावं संपली की युद्धही संपलेलं असतं. युद्धाची सगळी वर्षं श्रेयनामावलीच्या मागे! पण अँडरसन काल्पनिक नाही हो. त्याची माणसं त्या वर्षांत काय करत होती याची नोंद आहे. २१ ऑगस्ट १८६३ ला क्वांट्रिलच्या नेतृत्वाखाली या गनिमांनी कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावावर पहाटे धाड घातली. दीडशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त पुरुष आणि पोरं मारली, बहुतेक निःशस्त्र, कित्येकांना त्यांच्या घरच्या बायकांसमोर. अँडरसन त्या धाडीत होता. पुढच्या वर्षी, २७ सप्टेंबर १८६४ ला मिसुरीतल्या सेंट्रेलिया गावात त्याच्या टोळीने आगगाडी अडवली, रजेवर निघालेले वीसहून अधिक निःशस्त्र युनियन सैनिक खाली उतरवले, त्यांचे गणवेश उतरवायला लावले आणि गोळ्या घातल्या.

आता सिनेमातलं ते शरणागतांचं हत्याकांड पुन्हा आठवा. सगळा पाठलाग, सगळा सूड, फ्लेचरचा विश्वासघात, सगळं त्या एका प्रसंगावर उभं आहे. तसं काही प्रत्यक्षात घडलेलं नाही. युद्धाच्या शेवटी मिसुरीतल्या गनिमांना शरण बोलावून गॅटलिंग गनने मारल्याची घटना इतिहासात नाही. हात वर केलेल्या माणसांना मारण्याची घटना आहे, ती सेंट्रेलियाची, आणि मारणारे नायकाच्या टोळीतले. सिनेमाने गुन्हा तसाच ठेवला आणि फक्त आरोपी बदलला. याला 'कलात्मक स्वातंत्र्य' म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण मग त्याच श्वासात 'दोन्ही बाजूंकडे समान सहानुभूतीने पाहणारा' असं म्हणू नका.

आणि मुळात हे कॅन्सस-मिसुरीवाले भांडत कशासाठी होते? सिनेमा पाहून वाटेल की शेजाऱ्या-शेजाऱ्यांचं काहीतरी जुनं वैर असावं. १८५४ च्या कायद्याने ठरलं की कॅन्ससमध्ये गुलामगिरी ठेवायची की नाही ते तिथल्या रहिवाशांनी मतदानाने ठरवायचं. लागलीच मिसुरीतून गुलामगिरीचे समर्थक आणि उत्तरेतून विरोधक तिथे जाऊन पोचले, आणि यादवी युद्धाच्या सहा-सात वर्षं आधीच तिथे रक्त सांडायला लागलं. १८६० च्या जनगणनेत मिसुरीत सुमारे १ लाख १५ हजार माणसं गुलाम म्हणून नोंदलेली आहेत. यातलं एकही माणूस जोसी वेल्सच्या वाटेवर भेटत नाही. तो शेकडो मैल जातो, गावं लागतात, दुकानं लागतात, चेरोकी भेटतात, कोमांचे भेटतात, कोमांचेरो भेटतात, डाग घालवायचं औषध विकणारा भामटाही भेटतो. लक्षात राहील असं एक काळं पात्र भेटत नाही. यादवी युद्धावरच्या सिनेमात! म्हणजे पाणीपतावर सिनेमा काढायचा आणि त्यात घोडा दाखवायचा नाही.

ज्या कॅन्ससमधून सिनेमातले राक्षस येतात, त्याच कॅन्ससमध्ये 'फर्स्ट कॅन्सस कलर्ड' नावाची काळ्या सैनिकांची पलटण उभी राहिली. त्यातले कित्येक मिसुरीतून पळून आलेले गुलाम होते. ऑक्टोबर १८६२ मध्ये ते मिसुरीतच आयलंड माउंड इथे गनिमांशी लढले. त्या युद्धात काळ्या पलटणीने लढाई दिल्याचा हा पहिला प्रसंग मानतात. पाठलाग आणि सूड म्हणता ना? विचार करा, नदीच्या पलीकडे आपली बायको अजून कुणाच्या तरी मालकीची आहे आणि आपण बंदूक घेऊन परत निघालोय. यापेक्षा मोठी गोष्ट कोणती? पण तो माणूस आला की जोसीच्या जळक्या घरावर केलेली आपली कोरी सही धोक्यात येते. म्हणून तो येत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रेडलेग्ज काही संत नव्हते. लूटमार, जाळपोळ यासाठी ते बदनाम होते, युनियनच्या बाजूचे लोकही त्यांना वैतागले होते. लॉरेन्सनंतर चारच दिवसांनी युनियनच्या जनरलने 'ऑर्डर क्रमांक ११' काढली आणि मिसुरीच्या सीमेवरच्या तीन पूर्ण आणि चौथ्या एका परगण्याच्या काही भागातून हजारो लोकांना घरं सोडायला लावली. मागे उरलेली घरं जाळली गेली. तेव्हा जोसीसारखा शेतकरी होता, त्याचं दुःख खरं होतं. बहुतेक छोट्या शेतकऱ्यांकडे गुलाम नव्हतेही. मी त्याचं दुःख खोटं म्हणत नाहीये. ते एकट्याचंच होतं असं दाखवण्याला माझा आक्षेप आहे.

यावर दादाचं ठरलेलं उत्तर : "अगं, सिनेमा आहे तो, इतिहासाचं पुस्तक नाही. शोलेत कुठे गब्बरची बाजू दाखवलीय?" शोले मध्ये आणणं ठीकच आहे म्हणा. ठाकूरच्या घरच्यांचं ते हत्याकांड सर्जिओ लिओनीच्या वेस्टर्नवरून सुचलंय हे सगळ्यांना माहीत आहे, आणि तोही कोऱ्या कागदावरच्या सहीचाच सिनेमा. पण दादा, गब्बर सलीम-जावेदच्या डोक्यातून आला. त्याच्या पाठीमागे काही म्हणणं असलेली, मोजलेली, नोंदलेली एक लाख माणसं उभी नाहीत. रामगढ काल्पनिक आहे, मिसुरी नाही. खरी माणसं, खरी युद्धं, खरी नावं घ्यायची आणि हिशेब मागितला की 'गोष्ट आहे' म्हणायचं, हे चालणार नाही.

लोन वेटीचंच पाहा. त्याच्या तोंडी चेरोकींची फसवणूक येते, त्यांना स्वतःच्या भूमीतून हाकललं, वाटेत माणसं मेली, सरकारने फक्त गोड शब्द दिले. हे सगळं खरं आहे आणि फार हलवून सोडतं. पण त्याचं आडनाव वेटी का? स्टँड वेटी हा दक्षिणेच्या बाजूने लढलेला चेरोकी ब्रिगेडियर जनरल. शरण येणारा कॉन्फेडरेटांचा शेवटचा जनरल तोच, जून १८६५ मध्ये. आणि चेरोकींमधल्या श्रीमंतांकडेही काळे गुलाम होते. त्या हाकललेल्यांच्या तांड्यात ते गुलामही चालत होते. सिनेमा एका पीडिताला दुसऱ्या पीडिताच्या शेजारी घोड्यावर बसवतो, दोघांचा शत्रू एकच ठरवतो, वॉशिंग्टनचं सरकार, आणि तिसऱ्याला तांड्यातून अलगद वगळतो. हा जमवलेला मेळ फार हुशार आहे.

इतका हुशार मेळ कुणी जमवला? आता लेखकाकडे येते. सिनेमा फॉरेस्ट कार्टर नावाच्या माणसाच्या कादंबरीवर आहे. हा फॉरेस्ट कार्टर म्हणजे अलाबामाचा एसा कार्टर. १९५० च्या दशकात त्याने बर्मिंगहॅममध्ये स्वतःचा वेगळा क्लू क्लक्स क्लॅन काढला. १९५६ मध्ये गायक नॅट किंग कोल रंगमंचावर गात असताना त्याच्यावर हल्ला करणारे त्याच्याच संघटनेतले. पुढच्या वर्षी त्याच्या क्लॅनमधल्या लोकांनी एका निरपराध काळ्या माणसाला रस्त्यातून उचलून खच्ची केलं (कार्टर स्वतः तिथे नव्हता, पण टोळी त्याची). १९६३ मध्ये जॉर्ज वॉलेस अलाबामाचा गव्हर्नर झाला तेव्हाचं वर्णभेद कायम ठेवण्याची गर्जना करणारं ते कुप्रसिद्ध भाषण मुख्यतः कार्टरने लिहिलेलं. १९७० मध्ये तो स्वतः गव्हर्नरपदासाठी उभा राहिला आणि आपटला. मग गाव सोडलं, नाव बदललं, टेक्साससकडे गेला आणि आपण चेरोकी वंशाचे आहोत असं सांगत कादंबऱ्या लिहायला लागला. 'द एज्युकेशन ऑफ लिटल ट्री' हे पुस्तक याचंच. अनाथ चेरोकी मुलाचं आत्मकथन म्हणून खपलेलं. माझ्या एका मावसबहिणीने ते मला वाढदिवसाला दिलं होतं, फार हळवं होऊन. १९७६ मध्येच न्यूयॉर्क टाइम्सने त्याची खरी ओळख छापली होती, पण फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९९१ मध्ये इतिहासकार डॅन कार्टरने त्याच वर्तमानपत्रात पुन्हा लिहिलं तेव्हा कुठे बोंब झाली आणि पुस्तक खपाच्या यादीत सत्यकथांमधून काल्पनिकांमध्ये हलवावं लागलं.

सिनेमा करणाऱ्यांना सुरुवातीला हे माहीत होतं असं मी म्हणत नाही. लेखक वाईट म्हणून कलाकृती वाईट असंही म्हणत नाही. तसं म्हटलं तर माझं अर्धं कपाट रिकामं होईल. पण सिनेमातली टेन बेअर्सबरोबरची भेट पाहा. जोसी एकटा घोड्यावरून कोमांचे सरदाराला भेटायला जातो आणि त्याला साधारण असं सांगतो की सरकारं एकत्र राहत नाहीत, माणसं राहतात, सरकारं खोटं बोलतात, आपण दोघं शब्दाला शब्द देऊ. अंगावर काटा येतो! १९७६ चा प्रेक्षक वॉटरगेट आणि व्हिएतनाममधून नुकताच बाहेर आला होता, त्याच्या डोळ्यांसमोर 'खोटं सरकार' म्हणजे निक्सन. कार्टरच्या डोळ्यांसमोरचं सरकार कोणतं? ज्याने १९६३ मध्ये अलाबामाच्या विद्यापीठाच्या दारातून त्याच्या गव्हर्नरला बाजूला करून दोन काळ्या विद्यार्थ्यांना आत नेलं, ते सरकार. वाक्य एकच, आणि टाळ्या दोन वेगवेगळ्या गोष्टींना. म्हणून तर हा सिनेमा डाव्यांनाही आवडला आणि उजव्यांनाही, आणि लोक त्यालाच समेट समजून बसले.

शेवट तर त्याहून पाहण्यासारखा. टेरिल मेलेला आहे, त्याच्याच तलवारीने. फ्लेचर दारूच्या गुत्त्यात जोसीला ओळखतो आणि ओळख दाखवत नाही. जोसी मेक्सिकोत मेला असं रेंजर लोकांना पटवलेलं असतं. फ्लेचर म्हणतो की आपण त्याला शोधून सांगू, बाबा रे, युद्ध संपलं. उत्तम लिहिलेला, उत्तम वठवलेला प्रसंग, जॉन व्हर्ननचा चेहरा विसरता येत नाही. फक्त विचारावंसं वाटतं, कुणाचं संपलं? नेमक्या त्याच सुमाराला टेनेसीत पहिला क्लॅन स्थापन होत होता. पुढे त्याचा प्रमुख झाला दक्षिणेचा घोडदळाचा जनरल नेथन बेडफर्ड फॉरेस्ट. १८६४ मध्ये फोर्ट पिलो इथे ज्याच्या सैनिकांनी शरण येणाऱ्या काळ्या सैनिकांना कापलं, तोच तो. एसा कार्टरने लेखक म्हणून स्वतःला 'फॉरेस्ट' हे नाव घेतलं ते त्याच्यावरून. म्हणजे युद्ध संपल्याची ही गोष्ट ज्या नावाने सही करून आपल्यापुढे येते, ते नावच युद्ध संपलं नाही असं सांगतंय.

ही गोष्ट मिसुरीच्या बाजूने सांगताच येत नाही असं कुणी म्हणेल, तर तसंही नाही. १९९९ मध्ये अँग ली ने डॅनिएल वूडरेलच्या कादंबरीवरून 'राइड विथ द डेव्हिल' केला. हेच गनीम, हीच सीमा, हाच काळ. नायक पोरसवदा जेक, जर्मन स्थलांतरिताचा मुलगा, गनिमांच्या बाजूने लढणारा. पण इथे लॉरेन्सची धाड श्रेयनामावलीच्या मागे नाही, चांगली पडद्याच्या मध्यावर आहे, आणि जेक तिथे हजर आहे. त्याच्या शेजारी घोड्यावर डॅनिएल होल्ट नावाचा काळा माणूस आहे (जेफ्री राइटने काय केलंय ते काम!). आपल्या गोऱ्या मित्रासाठी तो या टोळीत फिरतोय आणि हे लोक त्याच्यासमोर काय काय बोलतात ते गप्प राहून ऐकतोय. शेवटी जेकसमोर त्याचा वैरी येतो, बंदूक जेकच्या हातात असते, आणि तो त्याला जाऊ देतो. होल्टचं काय होतं? त्याची आई टेक्सासात कुठेतरी विकली गेलीय. तो तिला शोधायला निघतो, एकटाच, टोपी काढून जेकचा निरोप घेऊन. हा सिनेमा तिकीटबारीवर साफ पडला आणि कुणाच्या आवडत्या यादीत दिसत नाही. जोसी वेल्स मात्र १९९६ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतन केलेला आहे. दोन्ही पाहा, पण याच क्रमाने. ली चा सव्वादोन तासांचा आहे आणि पहिली वीस मिनिटं जरा रेंगाळतात, तेवढी सोसा.